डब्यावर एक, जाहिरातीत एक

नंदनवनातल्या आमच्या गल्लीत मास्तरांचे घर माझ्या घरापासून तिसरे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि मी बँकेतून. सकाळी जगनाडे चौकापर्यंत फेरी मारायची, परतताना टपरीवर अर्धा-अर्धा कप चहा घ्यायचा, मास्तरांचा बिनसाखरेचा, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ. मास्तरांना मधुमेह आहे हे साऱ्या गल्लीला ठाऊक. कुणाकडे सत्यनारायण असला की वहिनी दारातूनच सांगत, ‘‘त्यांना प्रसाद चिमूटभरच द्या बरं!’’

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मास्तर फेरीला यायचे बंद झाले. आधी म्हणाले, पाय दुखतो. मग म्हणाले, चप्पल लागली. एके दिवशी वहिनींनी मला हाक मारून आत नेले. मास्तरांच्या डाव्या पायाची दोन बोटे काळी पडली होती आणि खोलीत वास येत होता. त्याच दुपारी त्यांना ऑटोत घालून रुग्णालयात नेले. बोटे काढावी लागली. पाय वाचला, मास्तर वाचले, एवढेच समाधान.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, ‘‘मधुमेहाच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?’’ मी म्हणालो, बंद कशाला असतील? मास्तर छताकडे बघत राहिले. वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘सात महिने झाले भाऊजी. टीव्हीवरचं ते चूर्ण घेऊन राहिले होते ना. त्यात सांगत होते, गोळ्या सोडल्या तरच गुण येते म्हणून.’’

मी अवाक झालो. ज्यांनी दोन पिढ्यांना स्वादुपिंड म्हणजे काय हे फळ्यावर आकृती काढून समजावले, त्या माणसाने सात महिने रोज सकाळी कोमट पाण्यातून कुणा अनोळखी माणसाने पाठवलेली पूड घेतली, आणि रोज फिरताना माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर काढले नाही!

गरजवंताला अक्कल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला ती आता पटत नाही. अक्कल असते. भीती तिच्याहून मोठी असते. मास्तरांना डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करावे लागेल असे सुचवले होते. रोजची सुई, तिचा खर्च, आपण मुलांना जड होणार ही धास्ती, हे सारे डोक्यात घेऊन मास्तर रात्री अकरा वाजता टीव्हीसमोर बसले होते. तेव्हा पडद्यावर पांढरा कोट घातलेला एक माणूस म्हणाला, ‘आजोबा, घाबरू नका.’ हे वाक्य त्यांना तोवर कुणीच म्हटले नव्हते. मीही नाही.

डबा वाचला तेव्हा

मास्तर घरी आल्यावर मी तो डबा मागून घेतला. बँकेतल्या माणसाला कागद वाचायची खोड असते. चष्मा पुसला, भिंग घेतले आणि उन्हात बसलो.

जाहिरात म्हणत होती, साखर मुळापासून जाईल. डबा मात्र तसे काहीच म्हणत नव्हता. डब्यावर मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापले होते की हा पूरक आहार आहे आणि तो औषधी उपयोगासाठी नाही. त्याखाली खाद्यपदार्थांना मिळतो तो चौदा आकडी परवाना क्रमांक होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मास्तरांनी सात महिने घेतले ते औषध नव्हतेच. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसाच तो क्रमांक.

आम्हा बँकवाल्यांना एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवली जाते. चेकवर अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम जुळली पाहिजे. कायदा अशा वेळी अक्षरी रक्कम खरी धरतो, पण बँकेचा शिरस्ता चेक परत करण्याचा. इथे तर डब्यावर एक होते आणि जाहिरातीत दुसरेच. असा चेक कोणताही कारकून परत पाठवील. आपण मात्र रोज असे चेक वटवत बसलो आहोत.

ही हातचलाखी नीट समजून घेण्यासारखी आहे. डबा हा पुरावा असतो. तो दुकानात राहतो, निरीक्षक तो जप्त करू शकतो, प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून डब्यावर खरे लिहायचे. जाहिरात रात्री येते आणि हवेत विरून जाते. म्हणून खोटे तिथे बोलायचे.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे खोटे रचण्याचा धंदा मीही करतो. पण मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापून करतो, आणि वाचल्यावर कुणी गोळ्या सोडीत नाही.

सही जुळली, मी पैसे दिले

मास्तरांना दोष देण्याआधी माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यात मी एका शाखेत अधिकारी होतो. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी मुदत ठेव मोडायला आले. ठेव पिकायला थोडेच महिने राहिले होते, व्याजाचे नुकसान होत होते. मी सहज कारण विचारले. म्हणाले, बायकोच्या गुडघ्यांसाठी चुंबकाची गादी घ्यायची आहे. कंपनीच्या सभेला गेलो होतो, एकीने तर व्यासपीठावर कुबडी टाकून दाखवली.

ती गादी त्या काळातल्या कैक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढ्या किमतीची होती. मला हसू आले होते, पण मी काही बोललो नाही. ग्राहकाचे पैसे, ग्राहकाची मर्जी. सही जुळली, मी पैसे दिले. नियमाने मी चूक नव्हतो. पण आज तीस वर्षांनी त्या खिडकीपलीकडचा चेहरा आठवतो आणि वाटते, दोन मिनिटे बसवून एक कप चहा पाजला असता तर? पुढे त्या बाई चालू लागल्या की नाही, हे मला कधीच कळले नाही.

धुराची जाहिरातसुद्धा!

आपल्याला वाटते, या लोकांना धरायला कायदाच नसेल. तर तसे मुळीच नाही. कायदा माझ्याहून वयाने मोठा आहे.

संसदेने १९५४ साली ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ केला आणि १ एप्रिल १९५५पासून तो लागू झाला. रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर, मासिकांच्या शेवटच्या पानांवर, जत्रेतल्या तंबूंवर शक्तिवर्धकांच्या आणि हमखास गुणांच्या घोषणा माजल्या होत्या, तो हा काळ. या कायद्याला चोपन्न रोगांची यादी जोडली आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, बहिरेपणा, फेफरे, पक्षाघात, लठ्ठपणा, इतकेच काय, माणसाची उंचीसुद्धा त्या यादीत आहे. हे रोग बरे करतो अशी जाहिरात लोकांपुढे करायचीच नाही. खरी-खोटी हा प्रश्नच नाही.

जाहिरातीची व्याख्या तर वाचण्यासारखी आहे. परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली कोणतीही घोषणा! टीव्ही घरोघरी यायच्या कितीतरी आधी त्या मसुदाकारांनी धुरापर्यंत विचार करून ठेवला होता. तावीज, मंत्र, कवच हे ‘जादूचे उपाय’ही त्यात आहेत.

या कायद्याला लगेच आव्हान मिळाले. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आमच्या भाषणस्वातंत्र्यावर गदा येते, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर १९५९मध्ये निकाल लागला. लोकांनी स्वतःच्या मनाने औषधे घेऊन जीव धोक्यात घालू नयेत यासाठी हा कायदा आहे, आणि अशा व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचे कवच नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र माल जप्त करण्याचे अधिकार फारच मोकाट दिले आहेत म्हणून ते कलम रद्द केले. १९६३ साली दुरुस्ती करून ते नीट बांधून पुन्हा घालावे लागले.

मग अडते कुठे? शिक्षा बघा. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला याची किती भीती वाटणार? फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा काढला होता. रोगांची यादी चोपन्नवरून अठ्ठ्याहत्तरवर न्यायची, गोरेपणाची क्रीमेही तिच्यात घालायची आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड ठेवायचा, असा बेत होता. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली.

गादी, चपला आणि टूथपेस्ट

त्या टाळेबंदीच्या सुमारास भीतीचा बाजार कसा भरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले. मार्च २०२०मध्ये भिवंडीतल्या एका गादीवाल्याने गुजराती वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्या गादीवर झोपलात तर करोना होणार नाही. किंमत पंधरा हजार. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. वाचून मला माझ्या खिडकीवरचे ते गृहस्थ आठवले. चुंबक गेले, विषाणू आला. गादी मात्र तीच!

हात धुण्याचे द्रावण, भिंतीचा रंग, कपड्याचे कापड, जो तो विषाणू मारू लागला. त्या वर्षी जूनमध्ये पतंजलीचे ‘करोनिल’ करोना बरा करते या दाव्यासह बाजारात आले. आयुष मंत्रालयाने त्याच दिवशी जाहिरात थांबवायला सांगितली आणि राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री, आपल्याच नागपूर जिल्ह्यातले अनिल देशमुख, यांनी महाराष्ट्रात अशा औषधाची विक्री होऊ देणार नाही असे जाहीर केले.

जुलै २०२०मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. २०१९च्या ग्राहक कायद्याने त्याला फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. जाहिरातीत चमकणाऱ्या नटनट्यांवर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंतची बंदीही घालता येते. करोनाकाळातल्या दाव्यांबद्दल प्राधिकरणाने नोटिसा काढल्यावर तेरा कंपन्यांनी जाहिराती मागे घेतल्या आणि तीन कंपन्यांनी दुरुस्तीची जाहिरात दिली.

२०२२मध्ये याच प्राधिकरणाने ‘नापतोल’ला दहा लाखांचा दंड केला. त्यातल्या वस्तूंची नावे ऐका: गुडघ्याचा चुंबकीय पट्टा, अ‍ॅक्युप्रेशरच्या योग चपला आणि सोन्याच्या म्हणून दाखवलेल्या दागिन्यांचा संच. ‘सेन्सोडाइन’ टूथपेस्टच्या जाहिरातीत परदेशी दंतवैद्य शिफारस करताना दिसत. त्या थांबवायला लावल्या. जगभरचे दंतवैद्य हीच सांगतात आणि जगात पहिल्या क्रमांकाची हीच, या दाव्यांबद्दल दहा लाख दंड झाला. सांगायचे एवढेच, की खोटेपणा फक्त फुटपाथवरच्या जडीबुटीवाल्याकडे असतो आणि गुळगुळीत वेष्टनात नसतो, हा आपला गैरसमज आहे.

अमेरिकेची एक हकीकत यानिमित्ताने सांगतो. ‘लिस्टरीन’ हे गुळण्या करायचे द्रावण. त्याने सर्दी आणि घसादुखी टळते, असे कंपनी कित्येक दशके सांगत आली होती. तिथल्या व्यापार आयोगाने १९७५ साली आदेश काढला की जाहिरात नुसती थांबवून भागणार नाही. पुढच्या जाहिरातींत एक कोटी डॉलर खर्च होईपर्यंत, याने सर्दी-घसादुखी टळत नाही हे स्वतःच सांगायचे. अपिलातही तो आदेश मूलतः टिकला. मला ही शिक्षा फार आवडते. ज्या तोंडाने खोटे सांगितले, त्याच तोंडाने, त्याच आवाजात खरे सांगायचे. दंड तिजोरीत जातो. मास्तरांच्या कानापर्यंत पोचते ती जाहिरातच.

दिल्लीतला माफीनामा

आपल्याकडेही २०२४ साली असे काहीसे घडले. इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने अवमानाची नोटीस काढली आणि कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी ७ मे रोजी न्यायालयाने सांगितले की जाहिरात देणाऱ्याने आधी स्वघोषणापत्र द्यावे, आणि शिफारस करणारे प्रसिद्ध चेहरेही तितकेच जबाबदार धरले जावेत. अवमानाचे प्रकरण ऑगस्ट २०२४मध्ये माफी स्वीकारून मिटले.

या खटल्यात एका नियमाची फार चर्चा झाली. आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्यावी, असा नियम १७० हा २०१८ साली घातला गेला होता. आयुष मंत्रालयाने तो जुलै २०२४मध्ये वगळला, पुढच्याच महिन्यात न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५मध्ये प्रकरण निकाली काढताना ती स्थगितीही उठवली. म्हणजे आधी परवानगीचा दरवाजा आता नाही. जाहिरात झाल्यावर तक्रार, चौकशी, दंड ही वरातीमागून घोड्यांची वाट तेवढी उरली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा वाद आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असा नाही. आमच्या आईने आम्हाला हळद-दुधावर वाढवले आणि चांगल्या वैद्याच्या हाताला गुण असतो हे मी पाहिले आहे. पण चांगला वैद्य नाडी बघतो, प्रश्न विचारतो, पथ्य सांगतो, आणि ‘तुमच्या चालू गोळ्या परस्पर सोडू नका’ असेही सांगतो. मास्तरांना चूर्ण पाठवणाऱ्याने त्यांचे नावसुद्धा चुकीचे लिहिले होते.

तक्रार करणार कोण?

आपल्या नागपूरने तर याहून गडद प्रकार पाहिला. कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणीला पाठवल्या, तर त्यांत औषधच नव्हते. सप्टेंबर २०२४मध्ये ग्रामीण पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून त्या गोळ्या बनवल्या जात आणि त्यांचा माग हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेपर्यंत जातो, असे त्यात म्हटले आहे. ते प्रकरण नकली औषधाचे, हे खोट्या जाहिरातीचे. पण एक गोष्ट त्यातून कळते. एका निरीक्षकाने एका नमुन्याची बाटली नीट सीलबंद केली आणि तिचा पाठपुरावा केला, तर हरिद्वारपर्यंत पोचता येते.

जाहिरातीच्या बाबतीत मात्र नमुना कोण घेणार? तो आपणच घ्यावा लागतो. इथेच आमची गाडी अडली.

मी मास्तरांना म्हटले, तक्रार करू. ते तयार होईनात. ‘‘साहेब, लोक हसतील. विज्ञानाचा मास्तर अन् पुडीला फसला म्हणतील.’’ फसवणाऱ्याची खरी ढाल ही आहे. त्याचे भांडवल पैशांत नाही, आपल्या लाजेत आहे. त्यात बिल नव्हते, पैसे पार्सलवाल्याच्या हातात रोख दिलेले, पार्सलवरचे नाव निराळे, टीव्हीवरचे निराळे आणि फोन बंद. जिल्हा ग्राहक आयोगापुढे जायचे तर निदान एक पावती तरी हवी!

म्हणून वाचकांना, विशेषतः घरात म्हातारी माणसे असलेल्यांना, चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बिलाशिवाय औषधाला पैसे देऊ नका. डबा आणि वेष्टन फेकू नका. टीव्हीवर दावा दिसला तर मोबाईलवर त्याचे चित्रीकरण करा, वाहिनीचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज देता येतो. डब्यावर खाद्यपदार्थाचा परवाना असेल तर २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यातही फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. यंत्र, कवच, तावीज विकणारी जाहिरात असेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा जानेवारी २०२१चा निकाल लक्षात ठेवा. हनुमान चालिसा यंत्राला चमत्कारी शक्ती असल्याचे टीव्हीवर सांगून ते विकणे, हे महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बेकायदा आहे, असे न्यायालयाने ठरवले. ते प्रकरण न्यायालयात नेले होते एका शिक्षकानेच.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम मास्तरांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पाचवी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा विचारा, ‘‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’’ गोळ्या घेतल्या का, असे आपण रोज विचारतो. तो प्रश्न हजेरीचा झाला. भीतीबद्दल रात्री अकरा वाजता पडद्यावरचा माणूस विचारतो, आणि तो ती विकत घेतो.

मास्तर आता पुन्हा फेरीला येतात. जगनाडे चौकापर्यंत नाही, कोपऱ्यापर्यंत. आता इन्सुलिन सुरू आहे. सुई मुंगी चावल्याएवढीच लागते, असे स्वतःच सांगतात. मागच्या आठवड्यात टपरीवर बसलो असताना त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अन्न व औषध प्रशासनाला लिहिलेला अर्ज होता. मास्तरी वळणदार अक्षर, समास सोडलेला, खाली सही. सोबत त्या डब्याच्या चारी बाजूंच्या छायाप्रती.

‘‘पावती नाही आपल्यापाशी,’’ मी म्हणालो.

‘‘बोटं नाहीत ना, साहेब,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दवाखान्याचे कागद जोडले आहेत. अन् तुम्ही पेपरात लिहिणार असाल तर लिहा, फक्त माझं नाव नका टाकू. डब्याबद्दल लिहा.’’

लिहिले आहे. अर्ज सोमवारी द्यायला आम्ही दोघे जाणार आहोत.